क्रॅपीसाठी जिग: वजन किती, आमिष केवढं?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुठल्याही मोठ्या तलावाजवळ मासेमारीच्या सामानाचं दुकान असतंच, आणि त्यात एक अख्खी भिंत क्रॅपी या माशासाठी राखलेली असते. पोपटी, काळं, गुलाबी, चमकी घातलेलं, अंधारात उजळणारं, वळलेल्या शेपटीचं, चिरलेल्या शेपटीचं अशी रबरी आमिषं शेकड्यांनी टांगलेली असतात. गिऱ्हाईक भिंतीपुढे उभं राहतं आणि रंग निवडत बसतं. शेजारच्या पाकिटांवर कोपऱ्यात बारीक अक्षरात १/१६, १/३२ असे अपूर्णांक छापलेले असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते निकाल बराचसा त्या अपूर्णांकातच लागलेला असतो. रंग हा शेवटचा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: आमिष केवढं घ्यायचं आणि ते पाण्यातून किती वेगानं खाली जायला हवं.

टेक्सस, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया या बाजूला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना पाण्याकाठी बसायची हौस आहे, त्यांची या माशाशी गाठ पडायला वेळ लागत नाही. वसंतात तो काठाजवळ येतो, त्यामुळे बोट नसली तरी चालतं. सामान हलकं, खर्च बेताचा, आणि मांस पांढरं, मऊ, वास नसलेलं. तव्यावर रवा लावून तळला तर घरचे तक्रार करत नाहीत.

आधी मासा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्या अंगकाठीवरून ठरतं. क्रॅपीच्या दोन जाती आहेत, पांढरा आणि काळा. दोन्ही सनफिश कुळातले, म्हणजे ब्लूगिल आणि लार्जमाउथ बास यांचे भाऊबंद. ओळखायची खूण पाठीवरच्या पराच्या काट्यांत: पांढऱ्याला पाच-सहा काटे, काळ्याला सात-आठ. एरवी हाती लागणारा मासा नऊ ते बारा इंचांचा, अर्ध्या ते एक पौंडाचा असतो. पांढऱ्याचा जागतिक विक्रम ५ पौंड ३ औंसांचा आहे, म्हणजे जवळपास २.३५ किलो. तो १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड धरणापाशी नोंदला गेला आणि अजून मोडलेला नाही.

डोळे मोठे आणि डोक्यावर बरेच वर असतात. तोंडही वरच्या बाजूला उघडणारं. त्यामुळे क्रॅपी स्वतःच्या वरचं पाणी बघत असतो आणि वर जाऊन खातो. त्याच्या खाली गेलेलं आमिष त्याच्या दृष्टीनं जवळजवळ नसल्यातच जमा. दुसरं, कल्ल्यांच्या आतल्या कमानींवर लांब, बारीक काट्यांची दाट फणी असते. तिच्यातून पाणी गाळून तो सूक्ष्म जलचरही खाऊ शकतो, म्हणून चांगला मोठा क्रॅपीही इंचभर आमिषाला तोंड लावतो. तिसरं, तोंडाभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की तिकडचे लोक त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणतात. जोरानं हिसका दिला तर गळ पडदा फाडून बाहेर येतो. तिन्ही गोष्टी एकच सांगतात: हळू उतरणारं, माशाच्या वरच राहणारं, लहानसं आमिष.

आता जिग. गळाच्या दांडीवर, नेढ्याशी, शिशाचा गोळा ओतलेला असतो. दांडीवर रबराचं, केसांचं किंवा पिसांचं अंग चढवतात. क्रॅपीसाठी वापरात असलेली वजनं म्हणजे १/६४, १/३२, १/२४, १/१६, १/८ आणि क्वचित १/४ औंस. औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, तेव्हा १/३२ म्हणजे ग्रॅमपेक्षाही थोडं कमी, १/१६ म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास आणि १/८ म्हणजे साडेतीन ग्रॅम. आपल्याकडे खाडीत गरी टाकणाऱ्याला हे वजन थट्टेचं वाटेल. पण इथे तळ गाठायचाच नसतो.

पाण्यात सोडलेली जिग क्षणात एका ठराविक वेगाला येते आणि मग त्याच वेगानं खाली जात राहते. शिशाचं वजन तिला खाली ओढतं, पाण्याचा रोध तिला अडवतो, आणि दोघांची बरोबरी झाली की वेग वाढायचा थांबतो. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वर चढवलेलं आमिष तेच ठेवून वेग दुप्पट करायचा तर वजन चौपट करावं लागतं, आणि वजन दुप्पट केलं तर वेग दीडपटही होत नाही, जेमतेम १.४ पट होतो. एका पायरीनं वजन बदललं की फार मोठी उलथापालथ होईल या भीतीनं लोक बदलतच नाहीत. ती भीती अनाठायी आहे.

तलावावरचा ठोकताळा असा, की दोन इंची आमिष लावलेली १/१६ औंसची जिग चार पौंडी तंगूसावर सेकंदाला साधारण एक फूट खाली जाते. त्यावरून बाकीचा हिशोब मांडता येतो. १/८ ची सेकंदाला १.४ फूट जाईल, १/३२ ची ०.७ फूट आणि १/६४ ची अर्धा फूट. बारा फुटांवर पोचायला १/८ ला साडेआठ सेकंद लागतील, १/१६ ला बारा, १/३२ ला सतरा, १/६४ ला चोवीस. आकडे ढोबळच आहेत, पण एकमेकांशी असलेलं त्यांचं प्रमाण भरवशाचं आहे.

याचा उपयोग काय ते बघा. समजा बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत मासे दहा फुटांवर थांबलेत आणि त्यांच्या वरचं दोनेक फूट पाणी ते न्याहाळतायत. १/८ ची जिग त्या दोन फुटांतून दीड सेकंदात निघून जाते. १/३२ ची जवळपास तीन सेकंद तिथे असते. एप्रिलच्या उबदार दुपारी खवळलेला मासा दीड सेकंदात झडप घालतोही. जानेवारीत, पाणी ४५ अंश फॅरनहाइटवर आलेलं असताना, तोच मासा आधी बघतो, मग सावकाश वर सरकतो, मग विचार केल्यासारखा थांबतो. तोवर जड जिग त्याच्या नाकाखालून निघून गेलेली असते, आणि खाली गेली की तिचा विषय संपला.

यात आमिषाच्या अंगाचाही हात असतो, आणि तो लक्षात न घेता केवळ पाकिटावरचं वजन बघणं अर्धवट आहे. साध्या मऊ रबराची घनता पाण्याच्या आसपासच असते. म्हणजे पाण्यात त्याचं स्वतःचं वजन जवळपास काही भरत नाही, पण रोध मात्र पुरेपूर लागतो. दोन इंचांऐवजी तीन इंची, जाड अंग चढवलं की शिसं तेवढंच राहून जिग हळू उतरते. वळलेली शेपटी फडफडत राहते, म्हणून ती सरळ शेपटीपेक्षा जास्त अडवते. माराबू या पिसांची जिग आणखी निराळी: ओढताना पिसं अंगाला चिकटतात, थांबलं की फुलतात आणि पडण्याचा वेग मंदावतो. थंड पाण्यात जुनी मंडळी अजून पिसांची किंवा केसांची जिग काढतात ती एवढ्यासाठी. न हलवताही ती जिवंत दिसते.

म्हणून वजन आणि आकार ही जोडी आहे. आमिष मोठं करून वेग तोच ठेवायचा असेल तर शिसंही एक पायरी वाढवावं लागेल. आमिष लहान केलं तर शिसं उतरवावं लागेल, नाहीतर इंचभर आमिष शिशाच्या गोळ्याबरोबर दगडासारखं खाली जाईल. पुष्कळ जण आमिषाचा आकार बदलतात, मासा घेत नाही म्हणून आकाराला दोष देतात, आणि मधल्या मध्ये पडण्याचा वेग बदलला हे त्यांच्या गावीही नसतं.

आपल्या जिगचा वेग मोजायचा असेल तर तलावावर जायचीही गरज नाही. अमेरिकेतल्या बहुतेक अपार्टमेंट संकुलांत पोहण्याचा तलाव असतो आणि त्याच्या कडेला खोली फुटांत रंगवलेली असते. गळाचं टोक पक्कडीनं तोडून टाकलेल्या दोन-चार जिगा घ्या, नेहमीचा तंगूस बांधा, सैल सोडा आणि फोनवर सेकंद मोजा. तळाला टेकली की तंगूस ढिला पडतो, तो कळतो. एकच जिग तीन वेगवेगळ्या अंगांनिशी सोडून बघितली की वर लिहिलेलं सगळं डोळ्यांनी दिसतं.

तंगूसाबद्दल थोडं. चार पौंडी नायलॉन तंगूस साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो, आठ पौंडी ०.२८ च्या आसपास. जाड तंगूस जिगला जास्त अडवतो, आणि वाऱ्यात किंवा प्रवाहात त्याचा जास्त फुगा होतो. फुगा झाला की जिग कुठे आहे ते कळेनासं होतं. १/६४ सारखी हलकी जिग आठ पौंडी तंगूसावर बांधली तर ती रिळावरच्या वेटोळ्यांचा पीळही सरळ करू शकत नाही. हलक्या जिगला दोन ते चार पौंडी तंगूस, काटेरी फांद्यांत सहा-आठ पौंडी आणि त्याला साजेशी जड जिग, एवढं धरून चाललं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट काठावरून टाकणाऱ्यांच्या हमखास नजरेआड होते. जिग लांब फेकून रिळाची कडी लगेच बंद केली तर ती सरळ खाली जात नाही. ताणलेल्या तंगूसाला लोंबकळत ती कमानीत आपल्याकडे झुलत येते. समोरच्या झुडपाशी टाकलेली जिग दहा फुटांवर पोचेपर्यंत झुडपापासून बरीच अलीकडे आलेली असते. सरळ पडायला हवी असेल तर कडी उघडी ठेवून तंगूस सोडत राहायचं. झुलत यायला हवी असेल, म्हणजे एकाच वेळी बरंच पाणी चाळायचं असेल, तर कडी बंद. दोन्हीला वेगळं वजन लागतं: झुलवायला हलकं, सरळ सोडायला थोडं जड.

फेकून ओढताना वजनाचा परिणाम ओढण्याच्या वेगावर होतो. प्रत्येक जिगचा एक वेग असतो, ज्या वेगानं रीळ फिरवलं की ती त्याच खोलीवर राहते. त्याहून हळू फिरवलं तर खाली जाते, जोरानं फिरवलं तर वर येते. जिग जितकी जड तितका हा वेग जास्त. म्हणजे हातात १/८ असेल तर हळू ओढायची इच्छा असूनही हळू ओढता येणार नाही, ती तळाच्या फांद्यांत जाऊन बसेल. सात-आठ फूट पाण्यात सावकाश ओढायचं असेल तर १/३२, फार तर १/१६.

मग जड जिग घ्यायचीच कशाला? कारण हलकेपणालाही खालची हद्द आहे. क्रॅपी बहुतेक वेळा जिग पडत असताना खालून येऊन घेतो. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि तसाच वर सरकतो. अशा वेळी हिसका बसत नाही. ताणलेला तंगूस एकाएकी ढिला पडतो, पाण्यावर त्याची लहानशी वेलांटी दिसते. बारा फूट पडायची जिग सातव्या फुटाला थांबली तर ती तळाला टेकलेली नाही, कुणीतरी धरली आहे. नवशिक्याचे निम्मे मासे या ढिलाईत निसटतात, कारण तो हिसक्याची वाट बघत असतो. हे दिसायला तंगूस आधी ताणलेला असायला हवा, आणि तो ताणून ठेवायचं काम जिगचं वजन करतं. वाऱ्यात १/६४ टाकली तर तंगूस आधीच ढिला असतो. त्यावर मासा लागला काय आणि सुटला काय, कळणारच नाही.

म्हणून नियम करायचाच तर एवढा: ज्या खोलीवर, ज्या वाऱ्यात तुम्ही उभे आहात तिथे तंगूस ताणलेला ठेवू शकणारं सगळ्यात कमी वजन. पाच-सहा फूट शांत पाण्यात ते १/३२ असतं, कधी १/६४. दहा-पंधरा फुटांत १/१६. वीस फुटांखाली किंवा लाटा उठल्या असतील तर १/८. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी अकरा वाजता हलायला लागतं, तेव्हा आमिष तेच ठेवून एक पायरी वर जायचं. चार वाजता वारा पडला की परत खाली.

फ्लोट लावला की हिशोब बदलतो. खोली फ्लोट ठरवतो, हेलकावे लाटा देतात, तेव्हा जिगनं फक्त फ्लोटखाली सरळ लटकायचं असतं. इथे १/६४ आणि १/३२ बिनधास्त वापरावी. फ्लोट मात्र तेवढ्याच ताकदीचा हवा. गोटीएवढा फुगीर फ्लोट आणि त्याखाली अर्ध्या ग्रॅमची जिग असली तर माशाला वर ओढ लागते आणि तो जिग थुंकतो. बारीक, उभा फ्लोट घ्यावा, जिगच्या वजनानं जेमतेम तरंगत राहणारा.

मिसिसिपीत याच प्रश्नावर वेगळं उत्तर सापडलं आहे. तिथे ग्रेनाडा, सार्डिस, एनिड, आर्काबुटला असे चार मोठे जलाशय आहेत, विसाव्या शतकाच्या मध्यात पूरनियंत्रणासाठी बांधलेले, गढूळ पाण्याचे. ग्रेनाडात तीन पौंडांचे क्रॅपी निघतात, म्हणून देशभरातून लोक येतात. बोटीच्या नाकाशी लांबच लांब रॉड पंख्यासारखे मांडायचे आणि बोट ताशी अर्ध्या मैलाच्या वेगानं पुढे सरकवायची, याला स्पायडर रिगिंग म्हणतात. बोट चालत असल्यानं हलकी जिग मागे उचलली जाते आणि खोली राहत नाही. म्हणून ही मंडळी तंगूसावर जिगच्या वर वेगळा अर्ध्या औंसाचा शिशाचा तुकडा बांधतात. खोलीवर पोचवणं आणि तिथे धरून ठेवणं हे काम त्या तुकड्याचं. त्यामुळे जिग हलकी ठेवता येते आणि ती मोकळी हलते. एरवी आपण एकाच गोळ्याकडून ही दोन्ही कामं करून घेतो आणि म्हणून तडजोड करावी लागते. खोल पाण्यात हलकी जिग हवीच असेल तर काठावरूनही ही युक्ती चालते: जिगच्या फूट-दीड फूट वर लहानसं चिमटीचं शिसं लावायचं.

उलट टोक बघायचं तर मिनेसोटात. हिवाळ्यात गोठलेल्या तलावावर बर्फाला भोक पाडून लोक काळा क्रॅपी पकडतात. जिग असते ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि शिशाऐवजी टंगस्टनची. शिशाची घनता पाण्याच्या सव्वाअकरा पट, टंगस्टनची एकोणीस पट. तेवढ्याच वजनाचा दाणा बराच लहान होतो, पाणी कमी अडवतं, तंगूस ताणलेला राहतो आणि माशाला दिसतं ते इवलंसं आमिष. टंगस्टन महाग पडतं. उघड्या पाण्यात, जिथे मुद्दाम हळू पडायला हवं, तिथे तो खर्च मला पटत नाही. मात्र न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगांवर बंदी आहे, कारण तळातले शिशाचे तुकडे गिळून लून पक्षी मरतात. त्या बाजूला राहत असाल तर प्रश्नच मिटला.

वजनाचं झालं. आमिषाचा आकार ठरवायला तलावातला मासा काय खातोय ते बघावं लागतं. दक्षिणेकडच्या जलाशयांत क्रॅपीचं मुख्य अन्न म्हणजे शॅड, चांदीसारखे चमकणारे थव्यानं फिरणारे लहान मासे. त्यातही थ्रेडफिन शॅड. वसंताच्या शेवटी त्यांची पिल्लं निघतात, तेव्हा ती इंचभरही नसतात. शरद येईपर्यंत दोन-अडीच इंचांची होतात. म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मासा सगळ्यात भुकेला असताना, आमिष लहान करायचं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठं. हे उलटं वाटतं खरं, पण पाण्यात ज्या मापाचं खाद्य भरलेलं आहे त्याच मापावर माशाची नजर बसलेली असते. पकडलेला मासा साफ करताना पोट उघडून बघावं. आत काय आहे आणि केवढं आहे, हे कुठल्याही पाकिटावरच्या जाहिरातीपेक्षा खरं असतं.

काहीच माहीत नसेल तर दोन इंच. या मापाला लहान मासाही तोंड लावतो आणि मोठाही नाकारत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असेल, थंडीची लाट नुकतीच येऊन गेली असेल, किंवा तलावावर माणसांची गर्दी असेल तर दीड इंच, कधी एक इंच. पाणी गढूळ असेल तर अडीच-तीन इंच, कारण तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या संवेदक रेषेनं पाण्याची हालचाल टिपतो आणि जाड, फडफडत्या शेपटीचं आमिष त्याला आधी जाणवतं. फक्त मोठेच मासे हवे असतील तर तीन इंच लावून दिवसभर कमी मासे मिळण्याची तयारी ठेवायची.

मासा आमिषाला लागतोय पण गळाला लागत नाही, असं झालं तर रबराची शेपटी बघा. कुरतडलेली किंवा तुटलेली असेल तर मासा मागून चावतोय आणि गळ पुढे राहतोय. तेव्हा अंगाचं डोकं पाव इंच कापून टाकायचं आणि उरलेलं परत चढवायचं. शेपटी गळाच्या जवळ येते. नवं पाकीट फोडायची गरज नाही.

गळाचं माप त्यावरूनच येतं. इथे नंबर उलटे चालतात, आठ नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान. एक-दीड इंची अंगाला आठ किंवा सहा नंबर, दोन इंचीला चार, अडीच-तीन इंचीला दोन नंबर किंवा एक-शून्य. अंग चढवल्यावर गळाच्या टोकात आणि रबरात मोकळी जागा राहिली पाहिजे. जाड अंगानं ती बुजली तर टोक माशाच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. तार बारीक हवी. बारीक तारेचा गळ फांदीत अडकला तर चांगल्या तंगूसावर सावकाश जोर दिला की वाकून सरळ होतो आणि सुटतो. मग पक्कडीनं परत वळवायचा. जाड तारेचा अडकला तर तंगूसच तुटतो.

अंग चढवण्याच्या कामात घाई करू नये. जिग अंगाशेजारी धरून गळ कुठे बाहेर यायला हवा ते नखानं खुणावून घ्यायचं. टोक डोक्याच्या बरोबर मध्यात खुपसून सरळ रेषेत पुढे न्यायचं, खुणेपाशी वर काढायचं आणि रबर शिशाला भिडेपर्यंत सरकवायचं. वाकडं चढलं तर ओढताना जिग स्वतःभोवती फिरते, तंगूसाला पीळ पडतो आणि मासा लांबच राहतो. शेवटी गाठ. नेढं शिशाच्या वरच्या बाजूला असतं. गाठ घट्ट केल्यावर ती नेढ्याच्या पुढच्या कडेला घसरली असेल तर जिग नाक वर करून लटकते. नखानं गाठ मागे सरकवून बरोबर माथ्यावर आणली की जिग आडवी राहते, पोहणाऱ्या माशासारखी. फेकून ओढणाऱ्याला याचं फारसं महत्त्व नाही. उभ्यानं, एका जागी धरून मासेमारी करणाऱ्यांनी मात्र प्रत्येक मासा काढल्यावर ही गाठ तपासायची असते.

वर्षभराचा क्रम टेनेसी-केंटकी भागातल्या एखाद्या तलावावर साधारण असा पडतो. मार्चच्या शेवटी ते एप्रिलमध्ये पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की मासे अंडी घालायला काठच्या झुडपांत येतात. चार फूट पाणी, फ्लोट, १/३२, दोन इंच. जून संपेपर्यंत ते खोल जातात, पण कितीही खोल नाही. उन्हाळ्यात तलावाचं पाणी थरांत विभागतं आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. तो थर वीस फुटांवर सुरू होत असेल तर तिसाव्या फुटावर जिग सोडण्यात अर्थ नाही. पंधरा-अठरा फुटांवरच्या बुडीत फांद्यांवर १/१६ किंवा १/८, आणि आमिष दीड इंच. शरदात शॅडच्या थव्यांमागे अडीच इंच आणि १/८. जानेवारीत खोल पाण्यात पिसांची १/१६ जवळजवळ न हलवता. तेव्हा खोलातून ओढलेल्या माशाचा वायुकोश फुगतो आणि परत सोडला तरी तो बहुधा वाचत नाही. म्हणून खायला हवेत तेवढे मिळाले की थांबावं.

सोनारबद्दल विचारणारे असतातच. गार्मिननं २०१८ साली बाजारात आणलेल्या लाइव्हस्कोपसारख्या यंत्रावर समोरच्या पाण्यातला मासा आणि आपली पडणारी जिग दोन्ही प्रत्यक्ष हलताना दिसतात. ते वापरणारे बहुधा १/८ किंवा त्याहून जड जिग घेतात, कारण ती पडद्यावर ठळक दिसते आणि माशाच्या डोक्यावर थांबवता येते. त्यांनी जड वजन घेतलं म्हणून तुम्हीही घ्यायचं कारण नाही. त्यांना मासा दिसतो. काठावरच्या माणसाला तो शोधायचा असतो, आणि शोधायला हळू पडणारी जिग बरी.

मासा लागत नसेल तर बदल करायचा क्रमही ठरलेला असावा. आधी खोली, मग वजन एक पायरी इकडे किंवा तिकडे, मग आकार, आणि हे सगळं करून झाल्यावर रंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर मासा कशामुळे लागला हे कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत शून्यापासून सुरुवात.

दुकानात जाल तेव्हा १/३२ आणि १/१६ ची एकेक पुडी घ्या, १/८ च्या चार-सहा जिगा घ्या, दोन इंची अंगांची दोन पाकिटं घ्या, एक फिकट आणि एक गडद. चार पौंडी तंगूसाचं एक रीळ. त्या राज्याचा मासेमारीचा परवाना आधी काढा आणि क्रॅपीसाठी किती इंचांची, किती माशांची मर्यादा आहे ते त्याच वेळी वाचून घ्या, कारण ती राज्यागणिक आणि कधी तलावागणिक बदलते. एवढं सामान एका हंगामाला पुरतं. भिंतीवरचे बाकीचे रंग पुढच्या वर्षी बघता येतील.